छोटी घोरपड पाळायचीय? आधी तिचा श्वास समजून घ्या

शाळेत आपण "थंड रक्ताचे प्राणी" हा शब्द शिकतो आणि तो डोक्यात असा काही बसतो की सरपटणारा प्राणी म्हणजे गार, सुस्त, एका जागी पडून राहणारा असंच वाटत राहतं. मग कोणीतरी अ‍ॅकी मॉनिटर या छोट्या घोरपडीचं वीतभरही नसलेलं पिल्लू बघतं, माशांची जुनी काचपेटी पडलेलीच असते, तळाला थोडी वाळू, वर एक बल्ब, झालं काम. तिथेच सगळं चुकतं. मॉनिटर म्हणजे घोरपडीचं कुळ, आणि सरड्यांच्या जगातले खरे दमदारपणे पळणारे तेच आहेत. हा दम कुठून येतो ते कळलं की पिंजरा कसा हवा ते आपोआप कळतं, म्हणून मी आधी त्याबद्दलच लिहितोय.

या कुळात 3 मीटरचा कोमोडो ड्रॅगन आहे आणि जेमतेम 20-25 सेंटीमीटरची शॉर्ट-टेल्ड मॉनिटरसुद्धा आहे. नवशिक्यांना बहुतेक वेळा सुचवली जाते ती अ‍ॅकी, शेपटीसकट साधारण 60 ते 70 सेंटीमीटर. मूळची उत्तर आणि पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या खडकाळ भागातली, संकट आलं की कपारीत घुसते आणि काटेरी शेपटीने कपारीचं तोंड बंद करून टाकते.

आता श्वास. बहुतेक सरडे पळताना शरीर डावीकडे-उजवीकडे वळवत पळतात, ते वळण देणारे स्नायू बरगड्यांमधले, आणि छाती फुगवून हवा आत घेणारे स्नायूसुद्धा तेच. एकाच बैलजोडीला एकाच वेळी नांगर आणि मोट दोन्ही जुंपल्यासारखं आहे हे. त्यामुळे जोरात पळताना श्वास नीट घेता येत नाही, थोडं पळायचं, थांबायचं, धापा टाकायच्या, परत पळायचं. डेव्हिड कॅरियर या शास्त्रज्ञाने 1987 मध्ये ही अडचण नीट मांडली होती. पण मग घोरपड कशी काय लांबवर दम न लागता चालते? याचं उत्तर 1999 मध्ये आलं, सव्हाना मॉनिटर या आफ्रिकेतल्या घोरपडीला ट्रेडमिलवर चालवून एक्स-रे व्हिडिओ काढले तेव्हा. घशाच्या खाली कंठातलं एक हाड असतं, ते खाली ओढलं की घसा पिशवीसारखा फुगतो, नाकातून हवा आत येते, मग घसा आवळला जातो आणि ती हवा फुप्फुसात ढकलली जाते. म्हणजे छाती पळण्याच्या कामात अडकलेली असताना घसा पंपाचं काम करतो! बेडूक असाच श्वास घेतो हे आपण शिकलेलो असतो, पण बेडकाला बरगड्या नसतात म्हणून त्याचा तोच मुख्य मार्ग, मॉनिटरकडे छाती आहेच आणि वर हा जादा पंप. प्रयोगात तोंड उघडं धरून ठेवलं, म्हणजे पंपात हवेचा दाब तयारच होऊ दिला नाही, तर चालताना फुप्फुसात हवा कमी पडायला लागली. मला हे अजूनही विलक्षण वाटतं. त्यात भर म्हणजे 2014 मध्ये असंही दिसलं की सव्हाना मॉनिटरच्या फुप्फुसाच्या बऱ्याच भागात हवा पक्ष्यांसारखी एकाच दिशेने वाहते, श्वास आत घेताना पण आणि सोडताना पण, झडपा नसताना, नळ्यांच्या नुसत्या रचनेमुळे.

तर पिल्लू धावून आलं आणि गळा तालात फुगवत बसलं तर घाबरू नका, ते रागावलेलं नसतं, आजारी पण नसतं. राग वेगळा दिसतो, फुसकारा येतो, अंग फुगतं, शेपटी वळते. काळजी करायची ती नाकातून बुडबुडे, तोंडात चिकट लाळ, निवांत बसलेली असतानाही तोंड उघडं, असं दिसलं तर, मग सरपटणाऱ्या प्राण्यांचं कळणारा पशुवैद्य गाठायचा.

एवढं इंजिन चालवायला उष्णता लागते, आणि ती शरीरात फारशी तयार होत नाही, बाहेरून घ्यावी लागते, "थंड रक्त" म्हणजे एवढंच. अ‍ॅकीचं अंग 35 ते 38 अंशांवर असताना ती पचवते, धावते, खणते. म्हणून बल्बखालच्या दगडाचा पृष्ठभाग 50 ते 65 अंश ठेवतात. आकडा बघून धसका बसतो, पण ती तिथे थोडा वेळ बसते, पटकन तापते आणि निघून जाते. निघून जायला गार जागा पाहिजे, दुसऱ्या टोकाला 25-28 अंश, आणि दोन फुटांच्या पेटीत हे जमतच नाही कारण दोन्ही टोकं तापतात. म्हणून निदान 120 सेंटीमीटर लांब, 60 रुंद, आणि खरं सांगायचं तर याच्या दीडपट चांगलं. एका मोठ्या बल्बपेक्षा कमी वॅटचे दोन-तीन हॅलोजन शेजारी लावा म्हणजे डोक्यापासून कमरेपर्यंत सारखी ऊब मिळते. तापणारे दगड म्हणून जे विकतात ते नकोत, पोट भाजतं. तापमान हाताने नाही, इन्फ्रारेड थर्मामीटरने मोजायचं. बल्बखाली लाकडी फळ्या मध्ये सांधी ठेवून एकावर एक रचतात, पाळणारे त्याला रेटीस स्टॅक म्हणतात, प्राणी लपूनही तापू शकतो. यूव्हीबीची, म्हणजे उन्हात असतात तशा अतिनील किरणांची, ट्यूब पण हवी, ती काचेच्या आडून नाही कारण काच यूव्हीबी अडवते, आणि किड्यांवर कॅल्शियमची पूड, नाहीतर हाडं मऊ पडतात.

खाणं सोपं आहे, नाकतोडे, रातकिडे, झुरळं. उंदीर रोज देऊ नका. पिल्लू म्हणून स्वस्तात मिळणारी सव्हाना मॉनिटर मीटरभर वाढते, ती जंगलात मुख्यतः किडे-गोगलगायी खाते आणि पिंजऱ्यात उंदरांवर पोसल्याने लठ्ठ होऊन मरते, ती नवशिक्याने घेऊच नये.

आणि "मॉनिटरच्या तोंडात सडलेल्या मांसाचे भयंकर जंतू असतात, चावली की संपलं" ही कोमोडोवरून पसरलेली गोष्ट. 2013 मध्ये पाळीव कोमोडोंच्या तोंडातले जंतू तपासले, त्यात खास जीवघेणं काही सापडलं नाही. चावलं तर जखम धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. घेण्याआधी कायद्याने परवानगी आहे का ते मात्र तपासा, सगळ्याच मॉनिटर जाती साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात येतात, आणि रानातून पकडलेला प्राणी कधीच नको.

शेवटची गोष्ट माती. लोक दोन बोटं वाळू टाकतात, मी म्हणतो निदान 30 सेंटीमीटर, वाळू आणि चिकट माती मिसळलेली, थोडी ओलसर, बीळ खणल्यावर ढासळणार नाही इतकी. वर बल्ब हवा कोरडी करतो, मॉनिटर श्वासावाटे पाणी गमावते, आणि ओल मिळाली नाही तर शरीरात युरिक आम्ल साठून गाऊट होतो. बिळात ओल टिकते. मादीला अंडी घालायलाही खोल माती लागते, नाही मिळाली तर अंडी पोटात अडकू शकतात. पहिले काही आठवडे तुम्हाला कदाचित बिळाच्या तोंडाशी फक्त काटेरी शेपूट दिसेल, खाणं ठेवा, पाणी बदला, आणि तिला उकरून बाहेर काढू नका.