चिकटलेले तारे, वाहतं वस्तुमान

एप्रिलमध्ये खानदेशात दुपारी घराबाहेर पडवत नाही, पण तोरणमाळच्या पठारावरची अमावास्येची रात्र चुकवू नये. नऊच्या सुमारास उत्तरेला तोंड केलं की सप्तर्षी चांगले वर आलेले असतात. त्यातल्या पुलह या ताऱ्यापासून डावीकडे, हात लांब करून धरलेल्या मुठीएवढ्या अंतरावर, 'डब्ल्यू अर्सा मेजोरिस' नावाचा तारा आहे. नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही. नकाशा जवळ असेल तर साध्या द्विनेत्रीत सापडतो. सापडला की घाई करू नका. त्याचा उजेड दोन तासांत जवळपास निम्म्यावर येतो, पुढच्या दोन तासांत पुन्हा चढतो. शेजारच्या ताऱ्यांशी ताडून पाहिलं तर नवख्यालाही फरक कळतो.

हा चढउतार १९०३ साली जर्मनीतल्या पॉट्सडॅमच्या म्युलर आणि केम्प्फ या खगोलशास्त्रज्ञांनी टिपला. तिथे तारे दोन आहेत, एकमेकांना चिकटलेले. आठ तासांत एक फेरी, आणि फेरीत दोनदा एक दुसऱ्याच्या आड.

सातपुड्याच्या धारेवरचा पाऊस अलीकडे तापीला मिळतो, पलीकडे नर्मदेला. दोन ताऱ्यांमध्येही गुरुत्वाकर्षणाची अशी धार असते आणि तिच्यात एक खिंड. तारा वयानुसार फुगला किंवा जोडी जवळ सरकली, की वायू खिंडीपर्यंत चढतो आणि पलीकडे वाहू लागतो. दोन्ही खोरी काठोकाठ भरली की वर एकच सामाईक आवरण.

खरी गंमत तापमानाची. यातला एक तारा दुसऱ्याच्या दुप्पट जड आहे. हलका तारा एकटा असता तर बराच थंड, तांबूस दिसला असता. प्रत्यक्षात दोघांचे पृष्ठभाग जवळजवळ सारखेच तापलेले! जड ताऱ्याची ऊर्जा आवरणातून हलक्याकडे पोचते, हे १९६८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ लिऑन लूसी यांनी मांडलं. ती नेमकी कशी वाहते, यावर अजून वाद आहेत.

वस्तुमान जडाकडून हलक्याकडे गेलं तर कक्षा आवळते, उलट गेलं तर सैलावते. आवळतच गेली तर शेवट ठरलेला: दोघे एक होतात. २००८ मध्ये वृश्चिकेतला एक तारा हजारो पटींनी उजळला. जुन्या नोंदी चाळल्यावर तिथे आधी चिकटलेली जोडी होती आणि तिचा १.४ दिवसांचा फेरा वर्षानुवर्षं आटत होता, हे खगोलशास्त्रज्ञ टायलेंडा यांनी २०११ मध्ये दाखवलं. उजळल्यानंतर जोडी उरलीच नाही.

हंसेतली अशीच एक जोडी २०२२च्या आसपास विलीन होईल, असं भाकीत २०१७ मध्ये गाजलं. पुढच्याच वर्षी ते कोसळलं. १९९९च्या एका निरीक्षणाची वेळ बारा तासांनी चुकीची धरली गेली होती.