‘स्ट्रक्चर्ड’ या शब्दामागचा गुंता

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली मुलं पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, संगणकशास्त्र घेतात तेव्हा सुरुवातीलाच त्यांना एक क्रम पाठ करावा लागतो. प्रश्न समजून घ्या, इनपुट-आउटपुट ठरवा, अल्गोरिदम (सोडवण्याच्या पायऱ्या) लिहा, फ्लोचार्ट (त्याच पायऱ्यांची चौकटी आणि बाणांची आकृती) काढा आणि मगच कोडला हात लावा. प्रत्यक्षात मुलं आधी प्रोग्रॅम चालवून घेतात आणि जर्नल जमा करायच्या आदल्या रात्री फ्लोचार्ट काढून मोकळी होतात. यात मुलांचा दोष मला कमीच वाटतो.

फ्लोचार्ट मुळात संगणकाचा नव्हेच. कारखान्यातलं काम कोणत्या टप्प्यांतून जातं हे चिन्हांनी दाखवणारा तक्ता एका अमेरिकी दांपत्याने 1921 मध्ये यांत्रिकी अभियंत्यांपुढे मांडला. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतली प्रोसेस शीट त्याच नात्यातली. 1940 च्या दशकात गणितज्ञांनी हीच कल्पना यंत्राला द्यायच्या सूचनांसाठी उचलली. पुढे पंच कार्डांच्या काळात एका चुकीपायी कार्डांचा गठ्ठा परत यायचा आणि निकाल दुसऱ्या दिवसावर जायचा. यंत्राचा वेळ महाग, कागद स्वस्त. म्हणून आधी कागद. आपल्याकडच्या खासगी क्लासमध्ये एका मशीनमागे चार-पाच मुलं बसायची, तेव्हाही कारण तेच होतं. बेसिक या संगणकभाषेतल्या ओळींना 10, 20, 30 असे नंबर, आणि वही आधी भरलेली असेल तरच मशीनवर नंबर लागायचा.

याच अभ्यासक्रमात ‘स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग’ही शिकवतात, आणि खरा गुंता त्यातल्या ‘स्ट्रक्चर्ड’ या शब्दाचा. सी ही भाषा शिकलेल्या मुलाला विचारलं तर तो हमखास ‘स्ट्रक्ट’बद्दल, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची माहिती एकत्र बांधण्याबद्दल सांगतो. त्याचा इथे काही संबंध नाही. काही जण ‘मुद्देसूद’ असा अर्थ घेतात, तोही अपुरा. ‘संरचित’ या प्रतिशब्दानेही फारसा उलगडा होत नाही. 1966 मध्ये दोन इटालियन संशोधकांनी सिद्ध केलं, की प्रोग्रॅमचा कोणताही प्रवाह तीन आकारांत बसवता येतो: एकामागून एक, निवड आणि पुनरावृत्ती. प्रोग्रॅम या तीन आकारांतच बांधायचा, हा ‘स्ट्रक्चर्ड’चा अर्थ. मार्च 1968 मध्ये एका डच संगणकशास्त्रज्ञाचं ‘गो-टू’विरुद्धचं, म्हणजे ‘अमुक ओळीवर उडी मार’ या सूचनेविरुद्धचं, पत्र छापून आलं. त्याचा मथळा लेखकाचा नव्हता. संपादकाने तो बदलून जहाल केला आणि वर्षानुवर्षं भांडण त्या मथळ्याशीच होत राहिलं. त्याच संपादकाने 1971 मध्ये मोठं काम पायरीपायरीने बारीक करत नेण्याची रीत मांडली. 1974 मध्ये आणखी एका दिग्गजाने दाखवून दिलं, की काही ठिकाणी ‘गो-टू’च सोपं पडतं.

आता फ्लोचार्टकडे पुन्हा पाहा. त्यातला बाण कुठूनही कुठेही जाऊ शकतो, म्हणजे तो कागदावरचा ‘गो-टू’च. हे ओळखून 1973 मध्ये दोघा अमेरिकी संशोधकांनी बाणच काढून टाकलेली, चौकटीत चौकट बसवणारी आकृती सुचवली. 1977 मध्ये छापलेल्या प्रयोगांत तपशीलवार फ्लोचार्टचा प्रोग्रॅम लिहिताना किंवा समजून घेताना ठळक फायदा दिसला नाही. तरी 1985 मध्ये चिन्हांचं आंतरराष्ट्रीय मानक आलंच. अशा रीतीने फ्लोचार्ट आणि स्ट्रक्चर्ड प्रोग्रॅमिंग या एकमेकांशी न पटणाऱ्या दोन गोष्टी अभ्यासक्रमात शेजारी-शेजारी बसल्या. माझ्या मते गुण जातात फ्लोचार्टमधला निवडीचा समभुज चौकोन वाकडा आला म्हणून, विचार चुकला म्हणून नव्हे.

निपाणीच्या विडी कामगार बाईंचा आठवड्याचा हिशेब घ्या. वळलेल्या विड्यांतून छाट (नापास विड्या) वजा करायची, उरलेल्यांना हजाराने भागायचं, हजारी दराने गुणायचं, उचल असेल तर कापायची. रजिस्टर संपेपर्यंत प्रत्येक नावाला हेच. तिन्ही आकार यात आले: क्रम, ‘असेल तर’ आणि ‘संपेपर्यंत’. एकही बाण लागला नाही, साध्या मराठीतली पाच वाक्यं पुरली. शिवाय लिहिताना एक प्रश्न आपोआप पुढे येतो: उचल मजुरीपेक्षा जास्त निघाली तर? कागदावरच्या आखणीचा उपयोग इथे आहे, आणि तो चौकटींच्या आकारात नाही. अशी मराठी वाक्यं उत्तरपत्रिकेत मात्र चालत नाहीत. तिथे तीच ‘स्टार्ट’ आणि ‘स्टॉप’च्या मध्ये इंग्रजीत लिहावी लागतात.

आता पायथन ही भाषा आली आहे. तिच्यात ‘गो-टू’ नाहीच, आणि कोणती ओळ कोणाच्या पोटात आहे हे डावीकडच्या मोकळ्या जागेवरून ठरतं. म्हणजे 1973 च्या त्या आकृतीतली चौकट थेट भाषेतच उतरली. मात्र यातलाच एखादा मुलगा उद्यमबागेत सीएनसी मशीनवर, म्हणजे संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या यंत्रावर, उभा राहिला, की त्याच्या मॅक्रो प्रोग्रॅममध्ये त्याला ‘जर असं असेल तर अमुक नंबरच्या ओळीवर जा’ ही सूचना पुन्हा भेटते, आणि ती चुकली तर टूल (कापणारं हत्यार) जॉबवर (घडवायच्या तुकड्यावर) आदळतो. पाळी सुरू होण्याआधी तिथले जुने सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे कारागीर, पेन्सिलीने ओळींचे नंबर कागदावर मांडून घेतात.