एकाचा फरक

चाळीसगावजवळ पाटण्याला चांगदेवाचा शिलालेख आहे. आजोबांचे, म्हणजे भास्कराचार्यांचे, ग्रंथ शिकवण्यासाठी त्याने मठ काढला. लेख १२०७ सालचा. त्या आजोबांच्या 'बीजगणिता'तलं एक उदाहरण खानदेशातल्या प्रत्येक शाळेने संगणकावर घालून बघावं.

६१क्ष² + १ = य². पूर्णांकात उत्तर काढा. भास्कराचार्यांनी चक्रवाल पद्धतीने, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करत, काढलं: क्ष = २२६१५३९८०, य = १७६६३१९०४९. फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने हेच कोडं युरोपातल्या गणितज्ञांना १६५७ मध्ये घातलं!

आता हे आकडे एक्सेलमध्ये टाका. य² मधून ६१क्ष² वजा केले की उत्तर येतं शून्य. म्हणजे दोन्ही सारखे, म्हणजेच ६१ चं वर्गमूळ अपूर्णांकात मांडता येतं? नववीतलं पोरगंही म्हणेल, शक्य नाही, ते अपरिमेय आहे. घोळ असा की एक्सेल साधारण पंधरा अंक धरून ठेवतं आणि इथे य² आणि ६१क्ष² दोन्ही एकोणीस अंकी आहेत. शेवटचा एक त्यातच गळून पडतो.

मॅक्सिमासारखं बीजगणिती सॉफ्टवेअर मात्र पूर्णांक शेवटच्या अंकापर्यंत जपतं: य² म्हणजे ३११९८८२९८२८६०२६४४०१ आणि ६१क्ष² म्हणजे ३११९८८२९८२८६०२६४४००. फरक एक. ६१ चं वर्गमूळ विचारलं, तर ७.८१ करून न टाकता ते तसंच √६१ ठेवतं. अक्षरांवरही नियमाने काम करतं: अवयव पाडतं, समीकरण सोडवतं, डेरिव्हेटिव्ह काढतं. शिवाय मॅक्सिमा फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेट नसलं तरी चालतं.

पोरांना आयती उत्तरं मिळतील ही शिक्षकांची भीती खोटी नाही. पण वर्गात मला त्याचा उपयोग दिसतो तो दुसरीकडेच. बारावीला एक्सच्या एनव्या घाताचं इंटिग्रेशन विचारा. सगळे सूत्र घडाघडा म्हणतात. मॅक्सिमा उत्तराआधी उलट विचारतं, एनची किंमत उणे एक आहे का? 'हो' म्हटलं तर लॉग देतं, 'नाही' म्हटलं तर नेहमीचं सूत्र. ही अट पाठ्यपुस्तकात असतेच, पण तिकडे बघतो कोण? इथे उत्तर दिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. मास्तरांनी तिथेच थांबून विचारावं, उणे एक घातला तर सूत्राच्या छेदात काय येतं?

कॉपीचं म्हणाल, तर मॅक्सिमा इंटिग्रेशनच्या स्थिरांकाचं '+ सी' लिहीत नाही आणि लॉगमधल्या एक्सला केवल मूल्याच्या उभ्या रेघाही देत नाही. जसंच्या तसं उतरवणारा वहीत लगेच सापडतो.