पाण्याच्या टाकीत उतरलेला माणूस दोन श्वासांत का कोसळतो?

मार्च २०२५ मध्ये मुंबईतल्या नागपाड्यात बांधकाम सुरू असलेल्या एका इमारतीची पाण्याची टाकी साफ करायला उतरलेले चार कामगार गुदमरून दगावले. अशी बातमी आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: गटार नाही, सेप्टिक टँक नाही, मग पाण्याच्या टाकीत गॅस आला कुठून? पण जीव जायला विषारी गॅसच हवा असं नाही. टाकीतल्या हवेतला ऑक्सिजन संपला तरी माणूस मरतो.

बाहेरच्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो. बंद टाकीत तो दोन कारणांनी घटतो: लोखंड गंजतं आणि काहीतरी कुजतं. नव्या इमारतीच्या टाकीत सेंटरिंगच्या फळ्या आणि प्लाय आत राहून गेलेले असतात. तळाला पावसाचं पाणी साचतं, लाकूड कुजतं, जिवाणू ऑक्सिजन वापरतात आणि कार्बन डायऑक्साइड सोडतात. गंजण्याचा तर हिशोबच मांडता येतो. १ किलो लोखंड पूर्ण गंजायला सुमारे ४३० ग्रॅम, म्हणजे साधारण ३३० लिटर ऑक्सिजन लागतो. २०,००० लिटरच्या रिकाम्या टाकीत ऑक्सिजन असतो जेमतेम ४,१८० लिटर. झाकण घट्ट बंद असेल, तर ७-८ किलो लोखंड गंजेपर्यंत ऑक्सिजन १० टक्क्यांवर आलेला असतो. उघड्या सळ्या, शिडी, पाइप, आत विसरलेल्या प्लेटा यांचं वजन याहून कितीतरी जास्त भरतं.

आता मुख्य प्रश्न. धडधाकट माणूस श्वास रोखून मिनिटभर शुद्धीवर राहू शकतो. मग ऑक्सिजन जवळजवळ नसलेल्या टाकीत श्वास घेत असतानाही तो दहा-पंधरा सेकंदांत कसा कोसळतो?

फुप्फुसं ऑक्सिजन खेचून घेत नाहीत. वायू जास्त दाबाकडून कमी दाबाकडे झिरपतो, एवढ्या एका नियमावर सगळं चालतं. शरीरात फिरून फुप्फुसांकडे परतलेल्या रक्तात ऑक्सिजनचा आंशिक दाब, म्हणजे त्या एकट्या वायूचा दाब, सुमारे ४० मिलिमीटर पारा असतो आणि वायुकोशांतल्या, म्हणजे फुप्फुसांतल्या बारीक पिशव्यांतल्या हवेत सुमारे १००. म्हणून ऑक्सिजन हवेतून रक्तात जातो. श्वास रोखला तरी वायुकोशांत साठा असतोच, रक्त तो थोडा थोडा वापरत राहतं. पण आत घेतलेल्या हवेत ऑक्सिजन ५ टक्केच असेल, तर वायुकोशांतला दाब ४० च्याही खाली उतरतो आणि प्रवाहाची दिशा उलटते. रक्तातला ऑक्सिजन फुप्फुसांत येतो आणि उच्छ्वासावाटे बाहेर जातो. प्रत्येक श्वासागणिक माणूस आपलाच साठा बाहेर टाकत असतो, घाबरून जोरात श्वास घेतला तर आणखी वेगाने. असं रिकामं झालेलं रक्त काही सेकंदांत मेंदूपर्यंत पोचतं.

बरं, जीव घाबराघुबरा का होत नाही? कारण श्वास कोंडल्याची भावना मुख्यतः रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याने होते. टाकीतल्या हवेत तो फारसा नसेल, तर तो उच्छ्वासातून नेहमीसारखा बाहेर पडत राहतो. ऑक्सिजनची घट ओळखणारे संवेदक मानेतल्या धमन्यांपाशी आहेत, पण त्यांचा इशारा मेंदूला कळेपर्यंत हातापायांतलं बळ गेलेलं असतं. ‘त्रास झाला तर लगेच वर येईन’ हे म्हणूनच खोटं आश्वासन आहे.

गाळ असलेल्या टाकीत किंवा मॅनहोलमध्ये हायड्रोजन सल्फाइडची भर पडते. तो गाळात विरघळून दबलेला असतो आणि फावडं फिरलं की एकदम उफाळतो. सडक्या अंड्यासारखा वास येतो खरा, पण हवेतलं प्रमाण दहा लाखांत १०० भागांच्या आसपास गेलं की नाक बधिर होतं. वास थांबला म्हणजे गॅस गेला, असं समजून माणूस पुढे सरकतो.

विहिरीत असे मृत्यू झाले की आजही ‘आसरांनी ओढून नेलं’ म्हणतात. दैवी कोपाची समजूत घातक आहे, कारण मग हवा तपासावी हे कुणाला सुचतच नाही. कंदील सोडून पाहण्याची रीतही तितकीच फसवी. ज्योत विझते ती ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास आल्यावर. जीवघेण्या हायड्रोजन सल्फाइडमध्ये ती शांतपणे जळत राहते. आणि मिथेन ५ ते १५ टक्के असेल तर स्फोट होतो. तोंडावरचा मास्कही इथे निरुपयोगी आहे. फिल्टर हवा गाळतो, ऑक्सिजन तयार करत नाही.

मग करायचं काय? चार वायूंचा (ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड, कार्बन मोनॉक्साइड) मीटर आणायचा, तो प्रमाण ठाऊक असलेल्या परीक्षणाच्या गॅसवर तपासलेला असावा. नळी आत सोडून वर, मध्ये आणि तळाशी मोजायचं, आणि प्रत्येक ठिकाणी हवा नळीतून मीटरपर्यंत येऊन आकडा स्थिरावेपर्यंत थांबायचं. क्रमही महत्त्वाचा: आधी ऑक्सिजन, मग ज्वलनशील वायू, मग विषारी. ज्वलनशील वायूचा नेहमीचा सेन्सर तो वायू जाळून मोजतो. ऑक्सिजनच नसेल तर जळणार काय? धोका असूनही मीटर कमी आकडा दाखवतो. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर उतरायचं नाही.

ब्लोअरची नळी तळापर्यंत न्यायची आणि त्याचं हवा ओढणारं तोंड जनरेटरच्या धुराड्यापासून लांब ठेवायचं. टाकीच्या आकारमानाएवढी हवा एकदा ढकलली तरी जुन्या हवेचा ३७ टक्के भाग उरतो, कारण नवी-जुनी मिसळत जाते. ऑक्सिजन ८ टक्क्यांवर असेल तर एका फेरीनंतर तो १६, दुसरीनंतर १९, तिसरीनंतर २० टक्क्यांच्या वर जातो. कोपऱ्यांत हवा अडकते, म्हणून प्रत्यक्षात याहून जास्त फेऱ्या द्याव्यात, पुन्हा मोजावं, आणि काम संपेपर्यंत ब्लोअर बंद करू नये. सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन सोडणं मात्र जिवावर बेतेल. एका ठिणगीने कपडे पेटतात. पेट्रोलवर चालणारा पंप आत उतरवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. हातदिवा २४ व्होल्टचा हवा.

सोसायटीच्या सेक्रेटरीने काम देतानाच हे सगळं लेखी परवान्यात घालावं: मोजलेले आकडे, वेळ, आत कोण, बाहेर कोण, मुदत त्याच पाळीपुरती. सर्वांत महत्त्वाचा बाहेरचा माणूस. अमेरिकेतल्या नायोश या कामगार-सुरक्षेवर संशोधन करणाऱ्या संस्थेने १९८६ मध्ये नोंदवलं होतं की बंदिस्त जागांतल्या मृतांपैकी ६० टक्क्यांहून अधिक जण वाचवायला उतरलेले होते. म्हणून तिवई आणि विंच (दोर गुंडाळून वर ओढायचं यंत्र) टाकीच्या तोंडावर आधीच उभी असावी आणि आतल्या माणसाच्या अंगात दोरासकट फुल बॉडी हार्नेस असावा. कमरेचा पट्टा चालत नाही. बेशुद्ध माणूस त्यात दुमडतो आणि अरुंद तोंडात अडकतो. आतला बोलायचा थांबला की विंच फिरवायची, ब्लोअर चालू ठेवायचा, अग्निशमन दलाच्या १०१ ला फोन करून ‘टाकीत माणूस बेशुद्ध आहे, श्वसनयंत्रं घेऊन या’ असं स्पष्ट सांगायचं. वर आणल्यावर श्वास चालत नसेल तर रुग्णवाहिका येईपर्यंत छातीवर दाब देत राहायचं, मिनिटाला १०० ते १२०.