उच्च व्यवस्थापनातील वैविध्य आणि पर्यावरण अहवालांची सचोटी

कंपनीचा कारभार प्रत्यक्ष चालवणाऱ्या वरिष्ठ अधिकाऱ्यांमध्ये लिंग, वय, शिक्षण, कामाचा अनुभव आणि पदावरील कालावधी या बाबतींत असलेली भिन्नता आणि त्या कंपनीने आपल्या पर्यावरणविषयक कामगिरीबद्दल जाहीर केलेल्या माहितीचा खरेपणा यांतील संबंध हा व्यवस्थापनशास्त्र व लेखाशास्त्र यांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. वरिष्ठ अधिकारी म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि वित्त, उत्पादन, विधी यांसारख्या विभागांचे प्रमुख. संचालक मंडळाचे काम यांच्यावर देखरेख करण्याचे असते. मात्र अनेक अभ्यासांत या दोहोंची सरमिसळ झालेली दिसते.

या विचाराचा पाया डोनाल्ड हॅम्ब्रिक व फिलिस मेसन यांनी १९८४ साली मांडलेल्या सिद्धान्तात आहे. संस्थेचे निर्णय हे तिच्या शिखरावरील व्यक्तींच्या अनुभवाचे व मूल्यांचे प्रतिबिंब असतात, असे त्यांचे म्हणणे होते. पर्यावरण अहवालाला ते सहज लागू पडते. उत्सर्जनाचा किंवा सांडपाण्याचा आकडा कारखान्यातून निघून छापील पानावर येईपर्यंत अनेकांच्या हातांखालून जातो. त्याकडे उत्पादनप्रमुख एका नजरेने पाहतो, विधिप्रमुख दुसऱ्या आणि शेअरच्या भावाची चिंता वाहणारा वित्तप्रमुख तिसऱ्या. सगळे एकाच मुशीतून आलेले असतील, तर गैरसोयीचा प्रश्न विचारलाच न जाण्याचा धोका वाढतो.

मोजमाप हा या विषयातला सर्वांत नाजूक भाग आहे. पर्यावरणपूरकतेचा खोटा किंवा फुगवलेला दावा, म्हणजेच ग्रीनवॉशिंग, थेट मोजता येत नाही. म्हणून कंपनी किती माहिती उघड करते याच्या गुणांकातून तिच्या प्रत्यक्ष कामगिरीचा गुणांक वजा करण्याची पद्धत रूढ झाली आहे. बोलणे मोठे आणि करणे थोडे असेल, तर ही वजाबाकी वाढते. वैविध्यासाठी बहुधा ब्लाऊ निर्देशांक वापरतात, म्हणजे प्रत्येक गटाच्या वाट्याचा वर्ग करून त्या वर्गांची बेरीज एकातून वजा करतात. दहा अधिकाऱ्यांत एकच स्त्री असेल, तर लिंगवैविध्याचा निर्देशांक ०.१८ येतो, आणि पाच-पाच असतील तर ०.५०, जे दोन गटांसाठीचे कमाल मूल्य आहे. मात्र दहांपैकी नऊ स्त्रिया आणि एक पुरुष असला तरी उत्तर ०.१८च येते, यावरून या आकड्याला कितपत कळते याची कल्पना यावी.

फोक्सवॅगनचे प्रकरण या संदर्भात पुन्हा पुन्हा अभ्यासण्याजोगे आहे. वाहनाची चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरते उत्सर्जन कमी ठेवणारे सॉफ्टवेअर कंपनीने डिझेल गाड्यांत बसवले होते. रस्त्यावर त्याच गाड्या मर्यादेच्या चाळीस पटींपर्यंत नायट्रोजन ऑक्साइड सोडत. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १८ सप्टेंबर २०१५ रोजी हे जाहीर केले आणि जगभरातील सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न उभा राहिला. त्याच सप्टेंबरात, पर्यावरणीय व सामाजिक कामगिरीवरून कंपन्या निवडणाऱ्या डाऊ जोन्स शाश्वतता निर्देशांकाने या कंपनीला वाहन उद्योगात अग्रस्थानी ठेवले होते. पुढच्या महिन्यात तिला त्यातून वगळले गेले. त्या वेळी तिच्या व्यवस्थापन मंडळात एकही स्त्री नव्हती, देखरेख करणाऱ्या पर्यवेक्षक मंडळावर मात्र होत्या. जानेवारी २०१६ मध्ये जर्मनीच्या संघीय घटनात्मक न्यायालयाच्या माजी न्यायाधीश क्रिस्टिने होमान-डेनहार्ट या व्यवस्थापन मंडळावर आलेल्या पहिल्या स्त्री ठरल्या. सचोटी व विधी हे खाते त्यांच्याकडे होते. जबाबदाऱ्या आणि कामाची रचना यांवरील मतभेदांमुळे वर्षभराहून थोड्याच अधिक काळात त्या बाहेर पडल्या. एका प्रकरणावरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण वेगळ्या व्यक्तीला आत घेणे आणि तिला आकडा अडवण्याचा अधिकार देणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढे त्यातून दिसते.

संख्याशास्त्रीय अभ्यासांचे निष्कर्षही एकसुरी नाहीत, आणि त्याची काही संभाव्य कारणे आधीच्या संशोधनात सापडतात. समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवले होते की बहुसंख्यांच्या गटात एकटी पडलेली व्यक्ती प्रतीकापुरती उरते आणि तिच्यावर जुळवून घेण्याचा दबाव येतो. डोरा लाऊ व कीथ मर्निघन यांनी १९९८ मध्ये आणखी एक अडचण पुढे आणली: वय, लिंग व विभाग यांच्या सीमारेषा एकाच ठिकाणी जुळल्या, तर गटात उभी फूट पडते आणि माहितीची देवाणघेवाण उलट आटते. शिवाय प्रामाणिक कंपन्याच वैविध्याकडे अधिक वळत असतील, ही शक्यता सहसंबंधाच्या आकड्यांवरून सहजी दूर करता येत नाही.

भारतात भांडवल बाजाराची मुंबईस्थित नियामक संस्था सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय उत्तरदायित्व व शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. या अहवालात संचालक मंडळ व प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी यांतील स्त्रियांचे प्रमाण आणि ऊर्जा, पाणी व उत्सर्जनाचे तपशील एकत्र द्यावे लागतात, त्यामुळे अभ्यासकांना दोन्ही बाजू एकाच दस्तऐवजात मिळतात. निवडक निकषांची त्रयस्थ तपासणी २०२३-२४ मध्ये पहिल्या १५० कंपन्यांपासून सुरू झाली. हरितगृह वायू, पाणी व ऊर्जा यांचे आकडे तीत आहेत. लिंगवैविध्याच्या शीर्षकाखाली मात्र एकूण वेतनातील स्त्रियांचा वाटा आणि लैंगिक छळाच्या तक्रारी पाहिल्या जातात, शिखरावरील गटाची रचना नाही.