मानसोपचार परिचर्या : छिन्नमनस्कता, शोक व आक्रमक वर्तन

मनोरुग्णाचे निरीक्षण, संवाद, औषधे आणि सुरक्षितता सांभाळणारी परिचर्येची शाखा. तिचा आरंभ कोणापासून धरावा, याविषयी मतभेद आहेत. फिलिप पिनेल यांनी १७९३ च्या सुमारास पॅरिसच्या बिसेत्र रुग्णालयात मनोरुग्णांचे साखळदंड तोडले, ही कथा जुन्या ग्रंथांत आढळते. ती मुख्यतः त्यांच्या मुलाच्या आणि एस्किरोल या शिष्याच्या लेखनातून पसरली. बिसेत्रमधील साखळ्या प्रत्यक्षात १७९७ मध्ये झाँ-बाप्तिस्त प्यूसँ या पर्यवेक्षकाने काढल्या, असे आता बहुतेक इतिहासकार मानतात. पिनेल तेव्हा साल्पेत्रिएर रुग्णालयात होते. प्यूसँ डॉक्टर नव्हता. गंडमाळेचा रुग्ण म्हणून तो पूर्वी बिसेत्रमध्येच राहिला होता. बऱ्या झालेल्या रुग्णांना तो सेवक म्हणून नेमत असे आणि मारहाण करणाऱ्या सेवकांना कामावरून काढत असे. फ्लॉरेन्सचे डॉक्टर क्यारुजी यांनी रुग्णांना साखळ्यांनी बांधणे त्याच्याही आधी थांबवले होते. तरी वॉर्डात राहून केलेल्या सेवेचा विचार केला, तर प्यूसँची बाजू अधिक भक्कम दिसते. परिचारिका आणि रुग्ण यांच्यातील नाते हेच उपचाराचे साधन, हा विचार अमेरिकी परिचारिका हिल्डगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्ये मांडला.

छिन्नमनस्कता : भास आणि भ्रम होणारा हा गंभीर मनोविकार. त्याचे स्किझोफ्रेनिया हे नाव स्विस मनोविकारतज्ज्ञ ब्लॉयलर यांनी १९०८ मध्ये योजले. या नावाचा अर्थ दुहेरी व्यक्तिमत्त्व असा नाही. भासाबद्दल रुग्णाशी वाद घालू नये आणि त्याच्या होला होही मिळवू नये. ‘मला आवाज येत नाही, पण तुम्हाला येतोय आणि त्याची भीती वाटतेय, हे कळतंय,’ एवढे पुरते. आवाज काय सांगतो, हे मात्र विचारायलाच हवे. स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करण्याची आज्ञा असेल, तर देखरेख लगेच वाढवावी लागते. गोळी दिल्यावर पाणी पाजून तोंड आणि जिभेखालची जागा पाहावी. क्लोझापीन या औषधाने रक्तातील पांढऱ्या पेशी घटू शकतात, म्हणून ते घेणाऱ्याला ताप आला किंवा घसा दुखू लागला, तर त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करावी. या औषधात ४८ तासांहून अधिक खंड पडल्यास जुनी मात्रा परस्पर सुरू करू नये, पुन्हा १२.५ मिग्रॅ.पासून चढवत न्यावे लागते.

आक्रमक वर्तन : छिन्नमनस्कतेचे बहुसंख्य रुग्ण हिंसक नसतात. हल्ल्यामागे बहुधा भीती, वेदना, नशा किंवा वारंवार मिळालेला नकार असतो. हिंसेचा धोका मोजणाऱ्या ब्रॉसेट तपासणीसूचीत गोंधळ, चिडचिड, आरडाओरड, तोंडी धमकी, अंगावर येणे आणि वस्तूंची आदळआपट या सहा गोष्टींना प्रत्येकी १ गुण असतो. बेरीज ३ किंवा अधिक झाल्यास पुढील २४ तासांतील धोका मोठा समजतात. बोलणारी व्यक्ती एकच असावी. तिने दोन हातांचे अंतर राखून किंचित तिरके उभे राहावे आणि दार दोघांनाही मोकळे ठेवावे. गळ्यातला स्टेथोस्कोप आधीच काढून ठेवावा.

येथे सर्वांत घातक चूक म्हणजे अकाथिसिया न ओळखणे. प्रतिमनोविकारी (भास-भ्रम कमी करणाऱ्या) औषधामुळे पायांत न आवरणारी तगमग सुरू होते. रुग्ण सतत येरझारा घालतो, बसला तरी पाय हलवत राहतो. त्याला आक्रमक समजून तेच औषध वाढवले, की तगमग आणखी वाढते. मान वाकडी होऊन डोळे वर फिरणे हाही दुष्परिणामच. त्यावर प्रोमेथाझीनसारख्या औषधाच्या इंजेक्शनने लवकर उतार पडतो. ताप आणि अंग ताठरणे एकत्र दिसल्यास पुढची मात्रा रोखून डॉक्टरांना तातडीने बोलवावे. ओलान्झापीन आणि लोराझेपाम ही दोन्ही एकाच वेळी स्नायूत देऊ नयेत. रक्तदाब आणि श्वसन धोकादायकरीत्या मंदावू शकते. शामक इंजेक्शननंतर पहिला तासभर दर १५ मिनिटांनी नाडी, रक्तदाब, श्वसन आणि शुद्धी नोंदवावी.

बांधणे हा शेवटचा उपाय आणि तोही कमीत कमी वेळ. रुग्णाला पालथे दाबून धरल्यास छाती फुलत नाही, श्वास कोंडून मृत्यू ओढवू शकतो. पट्ट्याखाली दोन बोटे सहज सरकली पाहिजेत. हातापायाची बोटे गार वा निळसर वाटल्यास पट्टा तत्काळ सैल करावा. पाणी, लघवी आणि अंगाची कूस यांकडे लक्ष द्यावे. शांत झाल्यावर, काय घडले हे रुग्णाच्या तोंडून ऐकून घ्यावे. घाईत हेच राहून जाते आणि तोच प्रसंग पुन्हा उद्भवतो.

शोक : शोक हा आजार नव्हे. मनोविकारतज्ज्ञ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये सांगितलेल्या पाच अवस्था (नकार, राग, सौदेबाजी, नैराश्य, स्वीकार) मूळच्या मरणासन्न रुग्णांविषयीच्या. त्या ठरलेल्या क्रमाने याव्यात, ही अपेक्षा चुकीची. गेलेल्या माणसाचा आवाज ऐकू आला, एवढ्यावरून छिन्नमनस्कतेची शंका घेऊ नये. दिवंगताचे नाव घेऊन बोलावे, रडू द्यावे. झोप, खाणे आणि आत्महत्येचे विचार यांची स्पष्ट शब्दांत विचारपूस करावी. मात्र फार लांबलेल्या आणि रोजचे जगणे अडवणाऱ्या शोकाचे, म्हणजे प्रदीर्घ शोकविकाराचे, निदान जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात किमान ६ महिन्यांनंतर होते. अमेरिकी वर्गीकरणात प्रौढांसाठी ही मुदत १२ महिने आहे.