प्रयोगशाळेतील नियंत्रण आलेख

चाचणीची पद्धत आणि उपकरण रोज सारखेच वागत आहेत ना, हे पाहण्यासाठी नियंत्रण नमुन्याची (कंट्रोल; रोज तपासला जाणारा, तोच ठरलेला नमुना) मोजमापे कालक्रमाने मांडलेला आलेख. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ मध्ये तो अमेरिकेत कारखान्यातील उत्पादनासाठी सुचवला. लेव्ही व जेनिंग्ज यांनी १९५० मध्ये तो वैद्यकीय प्रयोगशाळेत आणला. तिथे त्याला आजही लेव्ही-जेनिंग्ज चार्ट म्हणतात.

आलेखाच्या मधोमध सरासरीची रेषा आणि दोन्ही अंगांना १, २ व ३ प्रमाण विचलनांच्या (एसडी; मोजमापे सरासरीभोवती किती पसरतात याचे माप) रेषा असतात. सुरुवातीला निदान २० मोजमापे, शक्यतो वेगवेगळ्या दिवशी घेऊन, या रेषा ठरवतात. कंट्रोलच्या उत्पादकाने पत्रकात छापलेली मर्यादा तशीच उचलणे ही सोयीची पण घातक सवय होय. ती बहुधा फार रुंद असते आणि तिच्या आत बरेच बिघाड खपून जातात.

पद्धत सुरळीत असताना सुमारे ९५ टक्के बिंदू २ एसडीच्या आत पडतात. म्हणजे विसातला एखादा बिंदू काहीही न बिघडता बाहेर जाणारच. म्हणून १९८१ मध्ये वेस्टगार्ड व सहकाऱ्यांनी अनेक नियम एकत्र वापरण्याची पद्धत मांडली. एक बिंदू ३ एसडीबाहेर, किंवा लागोपाठ दोन बिंदू एकाच बाजूला २ एसडीबाहेर गेले, तर तो रन (एका वेळी लावलेल्या चाचण्यांचा गट) नाकारायचा. समजा ग्लुकोज कंट्रोलची सरासरी १०० आणि एसडी २ आहे. सलग वाचने १०३, १०२.५, १०३.५, १०३ आली. एकही १०४ च्या पुढे नाही, तरी चारही १ एसडीच्या वर, एकाच बाजूला आहेत; हेही बिघाडाचे चिन्ह. कॅलिब्रेशन (उपकरणाची प्रमाणाशी जुळवणी) सरकले असावे किंवा रिजंटचा (चाचणीच्या रसायनाचा) नवा लॉट वेगळा वागत असावा.

आयएसओ/आयईसी १७०२५ हे चाचणी व कॅलिब्रेशन प्रयोगशाळांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक नियंत्रण आलेखाची सक्ती करत नाही. नोंदींतून कल दिसला पाहिजे आणि शक्य तिथे संख्याशास्त्रीय तंत्रे वापरली पाहिजेत, एवढे सांगते. व्यवहारात त्याचे सर्वांत सोपे उत्तर हा आलेखच. मर्यादा ओलांडली की अहवाल थांबवणे, कारण शोधणे, केलेली दुरुस्ती लिहून ठेवणे हा क्रम अपेक्षित असतो. कंट्रोल आत येईपर्यंत पुन्हा पुन्हा लावणे आणि फक्त शेवटचा आकडा नोंदवणे हा त्याचा सर्रास होणारा गैरवापर.

आलेख सातत्य दाखवतो, अचूकता नव्हे. सुरुवातीपासून पाच एककांनी जास्त मोजणारे उपकरणही त्यावर निर्दोष दिसेल. अचूकता तपासण्यासाठी प्रमाणित संदर्भ पदार्थ (ज्यांचे मूल्य खात्रीने ठरवलेले असते) आणि प्रयोगशाळांमधील तुलनात्मक चाचण्या लागतात.